सुहृद नाईकनवरेचा प्रतिखेळाडू

नाशिकच्या प्रयोगशाळेत सुहृद नाईकनवरेला शिंक आली, तेव्हा तिथल्या सगळ्या तंत्रज्ञांनी एकदम माना वर केल्या. डॉ. यशोधरा मिरीकर स्वतः उठून त्याच्याजवळ आल्या आणि त्यांनी विचारले, की ही शिंक धुळीची की सर्दीची. सुहृदला ते सांगता येईना. मग थर्मामीटर आला, घशात बॅटरी मारून पाहण्यात आले, आणि त्या दिवशी मंगळाकडे जाणाऱ्या माहितीत एक ओळ वाढली : 'सर्दीची शक्यता. डावी नाकपुडी.'

हे सारे कोपऱ्यात उभे राहून पाहणाऱ्या विलासराव घाटगे यांना त्याचा अर्थ कळला नाही. घाटगे आयुष्यभर कबड्डीच्या संघांचे व्यवस्थापक होते. सुहृदचे मॅनेजर म्हणून त्यांची नेमणूक होऊन जेमतेम आठवडा झाला होता. कबड्डीत शिंकेचा प्रश्न कधी आला नव्हता.

सुहृद तेव्हा बावीस वर्षांचा होता. सिन्नरच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा हा मुलगा 'ओसाडगाव' या नेमबाजीच्या गेममध्ये पृथ्वीवरचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू ठरला होता. गेम तसा साधा. एक निर्मनुष्य गाव. त्यात पाण्याची टाकी, बंद पडलेले सिनेमागृह, रेल्वेचे यार्ड. दोन खेळाडू, दोन बंदुका. जो दुसऱ्याला आधी दहा वेळा टिपेल तो जिंकला. खेळाडू डोक्यावर दृश्यटोप आणि हातात वेध-मोजे घालून रिकाम्या खोलीत उभा राही, आणि त्याच्यापुरते ते गाव खरे होई. पृथ्वीवर आता त्याला प्रतिस्पर्धी उरला नव्हता. म्हणून आंतरग्रहीय खेळ मंडळाने मंगळावरच्या शिलानगर वसाहतीच्या विजेतीशी त्याचा सामना ठरवला होता.

"पण मॅडम, मंगळावरच्या माणसाशी इथून खेळायचं कसं?" घाटगे यांनी विचारले. "फोनवर बोलायचं तरी उत्तर यायला अर्धा तास लागतो म्हणतात."

"लागतो," डॉ. मिरीकर म्हणाल्या. "मंगळ जवळ असला तर प्रकाशाला तिथे पोचायला चार मिनिटं लागतात, लांब गेला की वीसच्या वर. आणि प्रकाशाहून वेगानं काहीच जात नाही. सुहृदनं इथे गोळी झाडली, तर ती तिकडच्या मुलीला दिसेपर्यंत तिचं जेवण होऊन हात धुऊन झालेले असतील."

"मग?"

"मग एकाऐवजी दोन सामने खेळायचे. इथे सुहृद खेळेल, पण त्या मुलीशी नाही, तिच्या प्रतिखेळाडूशी. तिचे आजवरचे सगळे डाव, तिच्या हाताची गती, डोळ्यांची हालचाल, झोप, राग, सर्दी, सगळी माहिती मंगळावरून आमच्याकडे येते. त्यावरून आमचं यंत्र तिच्यासारखाच वागणारा खेळाडू उभा करतं. त्याच वेळी मंगळावर ती खरी मुलगी सुहृदच्या प्रतिखेळाडूशी खेळेल. सामने संपले, की दोन्हीकडची चित्रणं एकमेकांवर ठेवायची. किती जुळली त्याचा शंभरापैकी आकडा काढायचा. त्याला आम्ही साम्यांक म्हणतो. निकाल एकच लागला आणि साम्यांक नव्वदच्या वर असला, तर तो निकाल पक्का."

"आणि इथे आपला जिंकला, तिकडे तिची सरशी झाली तर?"

"तर आमचा प्रतिखेळाडू चुकला. सामना रद्द."

घाटगे यांनी थोडा विचार केला. "यंत्र चुकतं कशानं?"

"माणूस काल होता तसा आज वागला नाही, तर," डॉ. मिरीकर म्हणाल्या.

घाटगे यांनी वळून सुहृदकडे पाहिले. पूर्वी ते चढाई करणाऱ्या गड्याच्या गुडघ्याकडे असेच पाहत.

पहिल्या सामन्यात सुहृदने कमाल केली. सिनेमागृहात फिल्म दाखवायच्या खोलीला एक लहानशी खिडकी होती. तिच्यातून आजवर कोणी नेम धरला नव्हता. सामना चालू असताना सुहृदला ती सुचली, आणि तिथून त्याने प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ पाच वेळा टिपले. सिन्नरला फटाके वाजले. घाटगे यांनी त्याला खांद्यावर घेतले. मग मंगळावरचे चित्रण आले. तिथल्या सुहृदला ती खिडकी सुचलीच नव्हती. सुचणार कशी, त्या सकाळपर्यंत ती खऱ्या सुहृदलाही सुचलेली नव्हती. तो बिचारा नेहमीप्रमाणे टाकीमागे लपला आणि नेहमीपेक्षा वाईट हरला. शिलानगरातही मिरवणूक निघाली होती. दोन ग्रहांनी विजय साजरा केला आणि सामना रद्द झाला.

घाटगे यांनी त्यातून जो धडा घेतला तो पुढे सात वर्षे टिकला. नवे काही सुचू द्यायचे नाही. सुचलेच तर ते सामन्याच्या आधी सुचले पाहिजे, म्हणजे मंगळाला कळवता येईल. या खेळात चांगले खेळण्यापेक्षा स्वतःसारखे खेळणे महत्त्वाचे होते, आणि सुहृदसारखे खेळणे सुहृदइतके कोणालाच जमणार नव्हते. फक्त तो बदलायला नको होता.

म्हणून त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कलम आले, की खेळाडू आपल्या स्वभावात फेरफार करणार नाही. त्याला पोहायला शिकायचे होते. पोहण्याने श्वास लांबतो आणि श्वास लांबला की नेम बदलतो, म्हणून परवानगी मिळाली नाही. धाकट्या भावाशी त्याचे गिरणीवरून भांडण झाले होते. भाऊ समेटासाठी नाशिकला आला, तेव्हा घाटगे यांनी त्याला फाटकापाशीच गाठले आणि हंगाम संपेपर्यंत भांडण चालू ठेवायची विनंती केली. एक स्थळ आले, मुलगी सुहृदला फोटोत आवडली. तो दोन रात्री नीट झोपला नाही आणि साम्यांक एकदम चारने घसरला. घाटगे यांनी स्वतः जाऊन मुलीकडच्यांची माफी मागितली.

सुहृदच्या आईला हे काही पटत नव्हते. हा मुलगा सुधारावा म्हणून मी जन्मभर जिवाचे रान केले, आणि आता हे शिकलेले लोक तो सुधारू नये म्हणून त्याच्यावर पहारा ठेवतात, असे ती शेजारणींना सांगत असे.

पण उपाय लागू पडला. सुहृदचे सामने पक्के होऊ लागले. तो कधी जिंकला, कधी हरला, पण साम्यांक पंच्याण्णवच्या खाली जाईनासा झाला. लहान मुले त्याच्यासारखी चालू लागली. दोन्ही ग्रहांवर तो 'सर्वांत विश्वासू नेमबाज' म्हणून ओळखला जाऊ लागला. वर्तमानपत्रे त्याची मुलाखत घ्यायला येत, आणि त्याची उत्तरे आधीच लिहून आणत.

या सात वर्षांत त्याचा सर्वांत जास्त वेळ गेला तो चित्रलेखा बोधनकरच्या प्रतिखेळाडूबरोबर. ही शिलानगरची विजेती. अकोल्याची मुलगी, विशीत असताना वडिलांच्या नोकरीमुळे मंगळावर गेलेली. खऱ्या चित्रलेखाशी बोलायला सुहृदला सक्त मनाई होती, कारण दोन खेळाडू एकमेकांशी बोलले, की ते कसे बदलतील हे कोणतेच यंत्र सांगू शकत नव्हते. पण तिच्या प्रतिखेळाडूशी तो रोज सकाळपासून दुपारपर्यंत खेळे. ती जिंकत आली की कंटाळते आणि उघड्यावर येते, हे त्याला माहीत होते. हरत आली की ती टाकीभोवती उगाच एक फेरी मारते, तेही माहीत होते. त्याची बंदूक अडकली, तर ती क्षणभर थांबते. हे थांबणे डावाच्या दृष्टीने मूर्खपणाचे होते. त्यामुळे ते यंत्राने स्वतःहून घातलेले नसणार, तिच्याकडूनच आलेले असणार, असे त्याने ताडले होते.

एकदा त्याने डॉ. मिरीकरांना विचारले, की मी जिला ओळखतो ती खरी चित्रलेखा किती.

"शंभरात शहाण्णव," त्या म्हणाल्या. "उरलेल्या चारांबद्दल मी काही सांगू शकत नाही. पण माझ्या तिन्ही बहिणींनी याच्या निम्म्या माहितीवर लग्नं केली."

एकोणतिसाव्या वर्षी सुहृद चित्रलेखाविरुद्ध चषकाच्या अंतिम सामन्याला उभा राहिला. त्या दिवशी मंगळ अठरा प्रकाशमिनिटे दूर होता. डाव चुरशीचा झाला. आठ-आठ झाले, मग नऊ-नऊ. शेवटची गोळी ज्याची, चषक त्याचा.

सुहृद टाकीच्या पायऱ्यांआड दबा धरून होता. समोरच्या भिंतीमागून ती आता डावीकडून येणार, हे त्याला ठाऊक होते. ती आली, की तो उजव्या गुडघ्यावर टेकणार, दीड श्वास घेणार आणि चाप ओढणार, हेही त्याला ठाऊक होते. घाटगेंना ठाऊक होते. सिन्नरच्या चौकात पडद्यापुढे बसलेल्या पोरांना ठाऊक होते. आणि एकाएकी त्याला असे वाटले, की हे सगळे सर्वांना ठाऊक असेल, तर ते मी करायचे तरी कशाला.

त्याने बंदूक खाली ठेवली. आडोशातून बाहेर येऊन तो टाकीच्या सर्वांत खालच्या पायरीवर, भर उन्हात, पाय पसरून बसला.

हे त्याने आधी ठरवले नव्हते. कोणाला सांगितले नव्हते. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने असे काही केले होते, जे जगातले कोणतेही यंत्र सांगू शकले नसते. त्याला इतके हलके वाटले, की दृश्यटोपाच्या आत तो मोठ्याने हसला. बाहेर घाटगे यांनी डोके धरले.

चित्रलेखाचा प्रतिखेळाडू डावीकडून आला. सुहृदला तसे बसलेले पाहून तो थबकला. बंदूक अर्धी खाली आली. आता चित्रलेखाही ती खाली ठेवते की काय, अशी आशा सुहृदला वाटली. मग बंदूक पुन्हा वर आली, आणि तिने अगदी जवळून, नीट नेम धरून त्याला गोळी घातली.

सामना संपला होता, पण समाप्तीची घंटा व्हायला थोडा वेळ होता. तेवढ्या वेळात ती चालत आली आणि त्याच्या पडलेल्या आकृतीशेजारी पायरीवर बसून राहिली.

सुहृद बाहेर आला तेव्हा घाटगे त्याच्याशी बोलायला तयार नव्हते. हरल्याचे त्यांना तितके दुःख नव्हते. मंगळावरचा सुहृद नेहमीप्रमाणे गुडघ्यावर टेकून चाप ओढणार, तिकडे जिंकणार, आणि सात वर्षांनी पुन्हा सामना रद्द होणार, याची त्यांना शरम वाटत होती. सुहृदला मात्र शरम नव्हती. तो चहा पीत मंगळावरच्या चित्रणाची वाट पाहत बसला.

चित्रण आले. त्यात मंगळावरच्या सुहृदने नऊ-नऊ झाल्यावर बंदूक खाली ठेवली, आडोशातून बाहेर येऊन तो सर्वांत खालच्या पायरीवर बसला आणि त्याने पाय पसरले. खरी चित्रलेखा डावीकडून आली. थबकली. बंदूक अर्धी खाली गेली, पुन्हा वर आली. तिने गोळी घातली आणि मग ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

साम्यांक नव्व्याण्णव निघाला. एवढा कधीच निघाला नव्हता. निकाल पक्का झाला, सुहृद हरला.

घाटगे यांनी त्याला मिठी मारली.  मग सुहृदने डॉ. मिरीकरांना विचारले, की मलाच माहीत नसलेली गोष्ट मंगळावरच्या सुहृदला कशी कळली.

"त्यालाही ती माहीत नव्हती," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले, चाप ओढायच्या आधी तुझं बोट रोज थोडं जास्त थांबतंय. आम्ही ते नुसतं मंगळाला कळवत गेलो. आज तू ठरवलंस खरं, पण तुझं बोट ते कधीपासून सांगत होतं."

 दुसऱ्या दिवशी सुहृदने निवृत्ती जाहीर केली. तो निवृत्त होणार ही बातमी मंगळावरच्या एका वर्तमानपत्राने आदल्याच दिवशी छापली होती, पण आता त्याचे त्याला काही वाटले नाही. तो भावाला भेटला, समेट केला आणि पोहण्याच्या वर्गात नाव घातले.

निवृत्त खेळाडूला कोणाशीही बोलायची मुभा होती. आठवड्याने तो पुन्हा प्रयोगशाळेत आला आणि त्याने लाजत लाजत डॉ. मिरीकरांकडे मंगळाला एक खासगी निरोप पाठवायची परवानगी मागितली.

निरोप बराच लांब होता. एक वाक्य पाठवा, मग अर्धा-पाऊण तास थांबा, असे बोलणे त्याला नको होते. म्हणून त्याने दोन्ही बाजू स्वतःच लिहून काढल्या होत्या. आपण काय म्हणू, त्यावर ती काय म्हणेल, मग आपण काय म्हणू. तिला तो इतका ओळखत होता, की लिहिताना त्याला कुठे अडखळायला झाले नव्हते. डॉ. मिरीकरांनी निरोप पाठवला. तो जातो न जातो तोच मंगळावरून चित्रलेखाचा निरोप येऊन पडला. त्याच्या निघण्याच्या कितीतरी आधी तो तिकडून निघालेला होता. तोही लांब होता, आणि त्यातही दोन्ही बाजू लिहिलेल्या होत्या.

सवयीने सुहृद म्हणाला, की दोन्ही निरोप एकमेकांवर ठेवून बघा. डॉ. मिरीकरांनी ठेवले. सुरुवातीला दोन्हींत सुहृद म्हणत होता, की गोळी घातल्याचा मला मुळीच राग नाही. दोन्हींत चित्रलेखा म्हणत होती, की आहे. दोन्हींत तो मग कबूल करत होता, की थोडा आहे. तिने बंदूक खाली का ठेवली नाही, याचे उत्तरही दोन्हींत एकच होते : ठेवली असती तर तू जन्मभर विचारत बसला असतास, की खरं कोण जिंकलं असतं. पुढे घरच्यांची चौकशी, चहा, तिची अकोल्याची आठवण, आणि हळूहळू लग्नाचा विषय. दोघांनीही होकार दिला होता, स्वतःचा आणि एकमेकांचाही.

फक्त शेवटचा मुद्दा जुळला नाही. सुहृदच्या निरोपात चित्रलेखा पृथ्वीवर राहायला यायला कबूल होत होती. चित्रलेखाच्या निरोपात सुहृद मंगळावर यायला कबूल होत होता.

हा मुद्दा किरकोळ नव्हता. मंगळावरून परतणाऱ्याला पृथ्वीवर वर्षभर काठी टेकत चालावे लागे. पृथ्वीवरून जाणाऱ्याला प्रवासभर उलट्या होत आणि नंतर तीन महिने ताटातले अन्न जागेवर राहत नाही असे वाटे.

सुहृदने विचार केला. आपण हट्ट केला, हे त्याला पटले. त्याने लगेच दुसरा निरोप लिहिला, की मीच येतो. तो पाठवून अर्धा तास झाला असेल नसेल, तोच चित्रलेखाचा दुसरा निरोप आला, की हट्ट माझा होता, मीच येते.

"पुन्हा विसंगत," डॉ. मिरीकर म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हते. "सुहृद, तुम्ही दोघं एकाच वेळी बोलताय. एकानं गप्प बसून दुसऱ्याचं ऐकायला हवं."

हे सुहृदला मान्य झाले. ती आता काय म्हणते ते ऐकायचे आणि त्याला हो म्हणायचे, असे ठरवून तो खुर्चीवर बसला. दुपार कलू लागली. डॉ. मिरीकरांनी दोन वेळा चहा मागवला. मंगळावरून काही येईना. सुहृद काळजीत पडला. तिचा विचार बदलला असेल, तिला बरे नसेल, आपण काही वावगे लिहिले असेल, असे तो म्हणू लागला.

डॉ. मिरीकर पडद्याकडे पाहत होत्या. तिथे काय झाले असणार हे त्यांना कळले. चित्रलेखाच्याही लक्षात आले होते, की दोघे एकाच वेळी बोलत आहेत. तिनेही ठरवले होते, की आता तो काय म्हणतो ते ऐकायचे. शिलानगरात ती अशीच खुर्चीवर बसली असणार आणि अशीच काळजी करत असणार. इतके अचूक ओळखणारी दोन माणसे आपणहून यातून सुटणे शक्य नव्हते. एकाला जे सुचेल ते त्याच क्षणी दुसऱ्यालाही सुचणार होते.

डॉ. मिरीकरांनी हयातीत कोणाचे लग्न जुळवले नव्हते. नात्यातल्या लग्नांना त्या जेवणाच्या पंगतीला जाऊन परत येत. पण आता त्यांनी खुर्ची पुढे ओढली, सुहृदला न विचारता मंगळाला चार शब्दांचा निरोप टाइप केला आणि पाठवून दिला.

"काय पाठवलंत?" सुहृदने विचारले.

"मुलगा पुढच्या यानानं येतोय."

सुहृदने ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिले. त्याला धक्का बसला आणि त्याबरोबर कितीतरी वर्षांनी बरेही वाटले. "पण मीच जायचं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" त्याने विचारले.

"कशावरूनच नाही," डॉ. मिरीकर म्हणाल्या. "काही आधार असता, तर तो तुम्हां दोघांनाही सुचला असता."

मग ते दोघे वाट पाहत बसले. घाटगेही आले, त्यांना सगळे सांगावे लागले. ऐकून ते म्हणाले, की आमच्याकडे यालाच मध्यस्थ म्हणतात आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. डॉ. मिरीकरांनी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले.

जायला अठरा आणि यायला अठरा, एवढी मिनिटे झाल्यावर पडद्यावर अक्षरे उमटली. निरोप चित्रलेखाचाच होता, पण या खेपेस सुहृदच्या नावाने नव्हता. डॉ. मिरीकरांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला :

'मुलीला पसंत आहे. पण आपण कोण?'